मागच्या चाकांचं अलाइनमेंट खरंच "होत नाही" का?

स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली, रुंद अलॉय टाकले आणि काही महिन्यांत मागचे टायर आतल्या बाजूने गुळगुळीत. अलाइनमेंटवाल्याकडे गेलात तर उत्तर ठरलेलं: "भाऊ, मागचं होत नाही." हे अर्धंच खरं आहे.

स्विफ्ट, आय20 सारख्या गाड्यांत मागची चाकं एकाच टॉर्शन बीमवर असतात. पुढे असतो तसा फिरवायचा टाय रॉड तिथे नसतोच. म्हणून कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत-बाहेर किती कललंय, आणि टो, म्हणजे चाकाचं तोंड किती तिरपं आहे, दोन्ही कंपनीतून फिक्स. एक्सयूव्ही700 मध्ये मागे मल्टी-लिंक आहे. अशी गाडी खाली घेतली की आर्मचे कोन बदलतात आणि चाक आत कलतं. बीमवर मात्र नुसत्या स्प्रिंगने कॅम्बर फारसा हलत नाही. त्यामुळे स्विफ्टचा मागचा टायर आतून खाल्ला जात असेल तर आधी टो, वाकलेला बीम आणि बुश बघा.

टायरचा खरा शत्रू टो. जळगाव-धुळे साधारण 90 किलोमीटर धरा. चाक फक्त 0.25 अंश तिरपं असेल, तर तेवढ्या अंतरात टायर जवळपास 400 मीटर आडवा घासला जातो. तेही एका फेरीत! आणि मागच्या चाकांची तोंडं बाहेर असतील तर पहिल्या पावसात, हायवेवर ट्रकमागे जोरात ब्रेक मारल्यावर गाडीची शेपटी सुटू शकते. पैशांपेक्षा मला ही भीती मोठी वाटते.

बीमवर उपाय आहे शिमचा: हब आणि बीमच्या मध्ये बसणारी पाचरीसारखी पातळ चकती. ती लावल्यावर बोल्टला पुरेसे आटे मिळतायत का, एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे विचाराच. बीम तापवून किंवा जॅक लावून वाकवतो म्हणाला, तर गाडी काढून घ्या.

कॅम्बर मोबाइलवरही तपासता येतो. टायरच्या फुगीर भागाला न टेकता रिमच्या वरच्या-खालच्या कडेला सरळ पट्टी लावा, त्यावर फोन ठेवा आणि लेव्हल ॲपचा आकडा घ्या. मग त्याच जागी गाडी उलट्या तोंडाने लावून पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी काढली की जमिनीचा उतार वजा होतो. टो मात्र फोनने मोजू नका, तेवढी अचूकता त्यात नाही. कंपास तर लोखंडाजवळ भरकटतोच.

मशीनवर चारही चाकांना सेन्सर लावायला सांगा. आधी मागचं, मग पुढचं. उलट केलं तर स्टिअरिंग पुन्हा वाकडं येतं. कामाआधीच्या आणि नंतरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी आकडे जुळवायला तोच लागतो.