वैमानिक व्हायचे, तर आधी काय?

बरीच वर्षे प्रवासी विमानांची वाट पाहणाऱ्या आपल्या सोलापूरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली. तेव्हापासून वळसंगला माझ्या वर्गातली मुले एक प्रश्न वारंवार विचारतात, "सर, पायलट व्हायला सैन्यातच जावं लागतं का?"

तसे मुळीच नाही. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून. तेव्हापासून नागरी शिक्षणाचा हा रस्ता खुला आहे. मुलींनाही तो बंद नाही. १९८५ साली कोलकाता ते सिलचर या विमानात सर्व कर्मचारी महिला होत्या आणि कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख.

मुलांचा प्रश्न सोपा, पालकांचा अवघड. एका शेतकरी पालकांनी मला विचारले, "सर, चार एकर रान इकलं तर पोरगं पायलट होतंय का?" मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे, वैमानिक नव्हे. तरी माहिती गोळा केल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. या शिक्षणात पैशाइतकाच पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. कमी खर्चाची पायरी आधी चढावी, जास्त खर्चाची शेवटी.

पहिली पायरी शरीराची. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांनी मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून आधी वर्ग २ ची आणि मग ठरवून दिलेल्या केंद्रात वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी होते. चष्मा आहे म्हणून कुणी खचू नये. चष्म्याने नजर ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालते. रंग ओळखण्यातला दोष मात्र आडवा येऊ शकतो. हे सारे काही हजार रुपयांत कळते. ते लाखो रुपये भरल्यावर कळण्यात काय शहाणपण?

दुसरी पायरी अभ्यासाची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हा आजवरचा नियम आहे. नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशाआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर तो पाहून घ्यावा. पण हे विषय कशाला हवेत? समजा, विमानाचा वेग ताशी १०० सागरी मैल आहे आणि बाजूने २० मैलांचा वारा वाहतो आहे. नाक सरळ ठेवून तासभर उडालात, तर २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, बाजूला जाल. सरळ जायचे तर नाक साडेअकरा अंश वाऱ्याकडे वळवावे लागते. हा आपला सदिशांचा त्रिकोण! मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि त्याच विमानाला उडायला अधिक लांब धावावे लागते. हे भौतिकशास्त्र.

दिशादर्शन, हवामान, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र यांच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. तेथे इंग्रजी लागते. पण साहेबी उच्चार नव्हे, ऐकलेले नेमके समजणे आणि नेमके बोलणे. मराठी किंवा कन्नड माध्यमातल्या मुलाला हे सरावाने जमते. या परीक्षांची तयारी घरी राहूनही बरीचशी होते.

तिसरी पायरी उड्डाणाची, आणि खरा खर्च येथे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ आणि २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय रात्रीचे उड्डाण, आणि बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर येथे हे शिक्षण मिळते. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तेथे प्रवेश परीक्षा असते.

खर्च आज ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. संस्था निवडताना जाहिरात पाहू नका. चालू स्थितीत विमाने किती, शिक्षक किती, गेल्या वर्षी आलेल्या मुलांचे २०० तास किती महिन्यांत झाले, हे तिथल्या मुलांनाच विचारा. पावसाळ्यात उड्डाणे रखडतात आणि खोलीभाडे, मेस चालूच राहते. डीजीसीए २०२५ पासून संस्थांची श्रेणी जाहीर करते. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नव्हती. सगळे शुल्क एकरकमी भरू नये, हप्त्याने भरावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. एअरबस किंवा बोइंग चालवायला त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण लागते आणि त्याचे आणखी १५-२० लाख होऊ शकतात. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली हे खरे. पण किंगफिशर २०१२ साली, जेट एअरवेज २०१९ साली आणि गो फर्स्ट २०२३ साली थांबली, हेही तितकेच खरे. परवाना हातात घेऊन दोन-तीन वर्षे बसावे लागले, तर कर्जाचा हप्ता कोण भरणार, याचे उत्तर घरात आधी ठरले पाहिजे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. म्हणजे शेवटी प्रश्न घराचा आणि रानाचाच येतो. म्हणून जोडीला दूरशिक्षणाने पदवी घ्यावी. आणि सगळी जमीन एका डावावर लावू नये.

स्वप्न मोठे असू द्या, श्रोतेहो. आपल्या मुलामुलींत ते पेलण्याची ताकद आहे. पण या महिन्यात पहिला खर्च करायचा असेल, तर तो वैद्यकीय तपासणीचा करा, आणि आजच संध्याकाळी गणिताचे पुस्तक उघडा. त्याला पैसे पडत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)