कांद्याची साक्ष!

दोस्तांनो, कांदा आपल्याला रडवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण हाच कांदा पाण्यातलं विष पकडून देतो, हे ठाऊक आहे का?

समजा, एका ओढ्यात कारखान्याचं सांडपाणी येऊन मिसळतं आहे. पाणी दिसायला नितळ, वासही नाही. मग ते घातक आहे की नाही, हे ओळखायचं कसं? प्रयोगशाळेत त्याची रासायनिक तपासणी करता येते. पण बहुतेक वेळा जे रसायन शोधायला जावं, तेवढंच सापडतं. शिवाय दोन-चार रसायनं एकत्र आली की जिवंत शरीरावर काय परिणाम होईल, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ जिवंत साक्षीदारालाच विचारतात. हा साक्षीदार म्हणजे पेशी!

कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सतत दुभंगत असतात. एकीच्या दोन, दोनांच्या चार. म्हणून तर मूळ वाढतं. प्रत्येक पेशीत १६ गुणसूत्रं असतात. पेशी दुभंगण्याआधी त्यांची हुबेहूब नक्कल तयार होते. मग अगदी बारीक तंतू त्यांची दोन्हीकडे सारखी वाटणी करतात. पाण्यात विष असेल तर हा हिशेब चुकतो. गुणसूत्रं तुटतात, एकमेकांना चिकटतात, नाहीतर एखादं मागेच राहतं. कांद्याची गुणसूत्रं चांगली मोठी असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली हा सगळा गोंधळ स्पष्ट दिसतो.

स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर कॉल्चिसिन या विषाचा प्रयोग केला. (आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच विष असतं, बरं का!) गुणसूत्रांच्या नकला तयार झाल्या, पण वाटणी करणारे तंतूच नाहीत! पुढे १९८५ मध्ये स्वीडनच्याच गेइरिड फिस्केशो यांनी प्रदूषण तपासण्याची प्रमाणित पद्धत म्हणून ही चाचणी मांडली.

तुम्ही म्हणाल, 'कांद्यावरून माणसाचं काय कळणार?' प्रश्न बरोबर आहे. पण पेशी दुभंगण्याची मूळ रीत कांद्यात आणि आपल्यात सारखीच आहे. म्हणून कांद्याने दिलेला इशारा गंभीरपणे घ्यावा लागतो. मात्र तो चोराचं नाव सांगत नाही, चोरी झाली एवढंच सांगतो. शिवाय काही रसायनं आपल्या यकृतात गेल्यावरच विषारी बनतात. कांद्याला कुठलं आलंय यकृत? म्हणून एकट्या कांद्यावर न थांबता इतर चाचण्याही करतात.

करून पाहा : सारख्या आकाराचे सहा छोटे कांदे घ्या. बुडाची वाळकी मुळं आईबाबांकडून काढून घ्या. तीन कांदे स्वच्छ पाण्याच्या पेल्यांवर ठेवा. उरलेले तीन चमचाभर कपडे धुण्याची पावडर घातलेल्या पाण्याच्या पेल्यांवर ठेवा. बूड फक्त पाण्याला टेकू द्या. पाणी रोज बदला. पाच दिवसांनी पट्टीने मुळं मोजा. गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी मात्र आणू नका आणि प्रयोगातले कांदे खाऊ नका.

दोन्हींकडची मुळं शेजारी ठेवून पाहा. मग आपल्या मोरीतून रोज वाहून जाणारं पाणी पुढे कुणाकुणाच्या मुळाशी पोहोचत असेल, याचाही विचार करा!