दीपनगरचा धूर, साक्रीचं ऊन

रावेर-यावलच्या शिवारात केळीला पाणी कधी द्यायचं, हे विजेचं वेळापत्रक ठरवतं. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, तिन्ही फेज आल्याची खात्री करतो आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो. मोटर घरघरते, ठिबकच्या नळ्या भरतात. त्या पाण्यावर पोसलेला घड पुढे ट्रकने दिल्लीकडे जातो, थंड खोलीत पिकतो. केळीने खानदेशात पैसा आणला. मात्र शेतापासून बाजारापर्यंत प्रत्येक टप्प्यावर वीज नाहीतर डिझेल लागतंच.

ही वीज बरीचशी कोळशाची. भुसावळजवळच्या दीपनगरला राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीचे 500 मेगावॅटचे दोन संच आहेत, शिवाय 660 मेगावॅटचा नवा, तेवढ्याच विजेला कमी कोळसा लागणारा सुपरक्रिटिकल संच. कोळशातून एक युनिट वीज काढताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 500 मेगावॅटचा संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर 1 कोटी 20 लाख युनिटं तयार होतात आणि त्यापायी 10 हजार टनांहून अधिक वायू बाहेर पडतो.

मग समृद्धी वाढली की धूर वाढणारच का? जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी या प्रश्नाची चार घटकांत फोड केली: लोकसंख्या, माणशी उत्पन्न, एक रुपया कमावायला लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतला कार्बन. चौघांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. खानदेशातल्या माणसाचं उत्पन्न वाढायलाच हवं. त्यामुळे हात घालायचा तो शेवटच्या दोन घटकांना.

शेवटच्या घटकाचं काम धुळे जिल्ह्यात दिसतं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013पासून उभा आहे. वीज तीच, पण कोळसा जाळावा लागत नाही.

तिसऱ्या घटकावर जळगावने फार आधी काम सुरू केलं. तिथले उद्योजक भवरलाल जैन यांनी ठिबक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलं. पाणी थेट मुळाशी गेलं की तेवढ्याच केळीला कमी उपसा पुरतो, मोटर कमी वेळ चालते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लागवड झाली, तर वाचलेली वीज पुन्हा खर्च होते. इंग्लंडच्या कोळशाबाबत अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी 1865मध्ये हेच दाखवलं होतं: यंत्रं काटकसरी झाली आणि एकूण कोळसा जास्तच जळू लागला.

भारताने दिलेला शब्दही या संदर्भात नीट वाचायला हवा. 2005च्या तुलनेत 2030पर्यंत 45 टक्के घट करायची आहे, ती उत्पन्नाच्या दर रुपयामागच्या उत्सर्जनात. एकूण धूर तोवर वाढू शकतो. भारतीय माणशी वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन सुमारे 14 टन. हा फरक पाहता ती सवलत न्याय्यच आहे.

राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा सौर वीज देण्याचा आहे. केळीला सर्वाधिक पाणी ऐन उन्हाळ्यात लागतं आणि ऊनही तेव्हाच भरपूर असतं. दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्याची रात्रीची खेप टळेल, साप-विंचवाची भीतीही. अवघड आहे ती संध्याकाळ. सूर्य मावळतो, घराघरांत दिवे आणि कूलर सुरू होतात, आणि दिवसाची सौर ऊर्जा साठवून ठेवायची पुरेशी सोय होत नाही तोवर दीपनगरला कोळशाची मालगाडी यावीच लागते.