लक्ष्मीला नेसवलेलं लुगडं

राजा रविवर्म्याने १८९४ साली गिरगावात शिळाछाप छापखाना काढला आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली चित्रं चाळीतल्या खोलीत येऊन टेकली. यंत्रं जर्मनीची, कसबी माणसंही तिथलीच. कारभार धाकटा भाऊ राजराजवर्मा बघायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एखादा ठसा जरा सरकला, की देवीचा ओठ गालावर. पुढे छापखाना मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन गृहस्थाने तो विकत घेतला. कलेच्या इतिहासात हे सगळं सापडतं. चित्र घरी पोचल्यावर त्याचं काय झालं, ते मात्र उरकून टाकलेलं असतं.

घरी बायकांनी त्याला कपडे नेसवले.

कमळावर उभी राहिलेली लक्ष्मी घ्या. लुगड्याच्या निऱ्या छापलेल्या असतातच. त्या रेषांबरहुकूम पातळ कापड कातरायचं आणि खळीने किंवा डिंकाने बसवायचं. नाहीतर सुई कागदातून आरपार काढून टाके घालायचे. कागदाला पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून चुकीचा टाका उसवायची सोय नाही. पदराला जरीची पट्टी, मुकुटावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी, कमरपट्ट्याला कलाबतू. चेहरा, हात, पावलं उघडी.

सामान बरंचसं घरातलंच. जुन्या जरीत चांदीची तार असे, म्हणून लुगडं विरलं तरी काठाला मोल राही; काठ जाळून चांदी काढत. उरलेलं कापड भांड्याच्या बदल्यात बोहारणीच्या गाठोड्यात. या दोन्ही वाटांनी न गेलेली वीतभर पट्टी, खणाचं टोक, तुटलेल्या माळेतले मणी असं काहीबाही डब्यात पडून असायचं. कमी पडलं तर गिरगावकरणीला भुलेश्वर काही लांब नव्हतं.

हा प्रकार एकट्या मुंबईचा नाही. तमिळ मुलखात चेट्टिनाडच्या घरांतही अशी चित्रं सापडतात. सजवून विकणारेही होते. पण बाजारू कामात टिकल्या एका ओळीत, एका मापाच्या असतात. घरगुती कामात उजवीकडचा काठ डावीकडच्यापेक्षा रुंद निघतो, कारण पट्टी तेवढीच उरलेली. मला हीच चित्रं जास्त आवडतात.

रसिकांनी या छापांना भडक म्हणून नाक मुरडलं, त्यावर चिकटवलेली चमकी तर त्यांना असह्यच झाली असणार. मला त्यात सजवणाऱ्या बाईचा चोखंदळपणा दिसतो. हजारो प्रतींतली एक तिच्या हाती आली, तिने ती अर्धवट काम समजून पुरी केली, आणि चेहऱ्याला हात लावला नाही. तिथे चित्रकार आपल्यापेक्षा सरस आहे हे तिला कळत होतं. कपड्यांच्या बाबतीत तसं मानायचं तिला कारण नव्हतं! चित्राखाली नाव मात्र रविवर्म्याचं आणि छापखान्याचं.

आता अशी चित्रं चोरबाजारात दिसतात, कधी माळ्यावरच्या ट्रंकेमागे. सापडलं तर हौसेने काच काढू नका. मुंबईच्या दमट हवेत जरीची तार काळी पडते आणि कापड काचेला चिकटतं. ओढलं की खालचा रंगही निघून येतो. तिरपा उजेड टाकून बाहेरूनच बघा: कुठे टाका आहे, कुठे खळ, ते तेवढ्यानेही कळतं.