आकाशवाणीचे हे नागपूर केंद्र आहे...

12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाम नदीत विसर्जित करण्यात आला. नदीच्या पात्रातली छत्री त्याची साक्ष देत अजून उभी आहे. 30 जानेवारीनंतरचे ते पंधरा दिवस सारा देश रेडिओभोवती जमून होता. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर गल्ली, असा तो काळ. पण पवनार, सेवाग्राम, वर्धा या परिसराला, किंबहुना सगळ्या विदर्भाला, स्वतःचे रेडिओ केंद्रच नव्हते. दिल्ली लागली तर दिल्ली, मुंबई लागली तर मुंबई, आणि दोन्हींमध्ये खरखर फार. विदर्भाच्या भूमीवरून बोलणारा आवाज त्यानंतर पाच महिन्यांनी आला. 16 जुलै 1948 रोजी नागपूर केंद्र सुरू झाले.

गांधीजी 1936 पासून सेवाग्रामला राहत होते. जगभरचे पत्रकार तिथे येत, तारा जात-येत. पण रेडिओ केंद्रात त्यांनी आयुष्यात एकदाच पाऊल ठेवले, तेही दिल्लीत, 12 नोव्हेंबर 1947 रोजी. तो दिवाळीचा दिवस होता. कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांना भेटायला जाणे त्यांना जमले नाही, म्हणून ते ध्वनिक्षेपकापुढे बसले आणि बोलले. त्यांच्या सायंप्रार्थनेनंतरची भाषणे दिल्लीहून प्रसारित होत, ती वेगळी.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे होते. पुढच्या दोन-अडीच वर्षांत पाटणा, कटक, गुवाहाटी, नागपूर, विजयवाडा, अलाहाबाद, अहमदाबाद, धारवाड अशी केंद्रे भराभर उघडली. यात नागपूरचा नंबर लागला तो ते मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते म्हणून. पुण्याला केंद्र मिळाले 1953 साली, म्हणजे नागपूरनंतर पाच वर्षांनी. ही गोष्ट पुणेकरांना सांगितली तर ते दोनदा विचारतात.

राजधानीचे केंद्र म्हटल्यावर ते एका भाषेचे असणे शक्यच नव्हते. एका बाजूला वऱ्हाड आणि नागपूरकडचे मराठी जिल्हे, दुसऱ्या बाजूला जबलपूरपासून छत्तीसगडपर्यंतचा हिंदी मुलूख. एकाच इमारतीत दोन भाषांचे लेखक, निवेदक आणि गायक वावरत. या काळाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, कविता मात्र हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले मान्यवर कवी. मुक्तिबोध 1948 मध्ये नागपूरला आले, आधी सरकारच्या माहिती खात्यात आणि मग आकाशवाणीत नोकरी केली, पुढे 'नया खून' साप्ताहिकात गेले आणि 1958 मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. आज हिंदी कविता ज्यांच्यापासून नव्याने मोजली जाते, तो माणूस आपल्या नागपुरात बातम्या लिहून संसार चालवत होता. वर्ध्यालाही असे एक नाव सांगता येईल. हिंदी कवी भवानीप्रसाद मिश्र वर्ध्याच्या महिलाश्रमात शिकवत आणि नंतर आकाशवाणीत गेले, पण मुंबई आणि दिल्लीच्या केंद्रांत.

त्या पिढीच्या लेखकांना रेडिओने महिन्याच्या पगाराची सोय करून दिली, हे मान्य केले पाहिजे. पुण्यात व्यंकटेश माडगूळकर, बा. भ. बोरकर, मुंबईत मंगेश पाडगावकर. मराठी रेडिओचा इतिहास म्हणून जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा याच दोन शहरांत सुरू होते आणि तिथेच संपते. 1 एप्रिल 1955 रोजी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले, वर्षभर छप्पन्न गीते चालली. मुंबईच्या 'प्रपंच'मधले टेकाडे भावजी घरोघर पोचले. या वैभवाबद्दल वाद नाही. पण नागपूर केंद्राचे काम निराळ्या जातीचे होते. ते एखाद्या गाजलेल्या मालिकेत दाखवता येत नाही, रोजच्या प्रसारणातच शोधावे लागते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. सचिवालय गेले, अधिकारी गेले, बंगले रिकामे झाले. त्याच सुमारास भोपाळला आकाशवाणीचे केंद्रही उघडले. नागपुरात राजधानीच्या ज्या थोड्या गोष्टी मागे राहिल्या त्यांत हे केंद्र एक. सिव्हिल लाइन्समधल्या त्या चौकाला लोक आकाशवाणी चौकच म्हणतात. माझ्या मते हे केंद्र खऱ्या अर्थाने विदर्भाचे झाले ते राजधानी गेल्यावर. तोवर ते सरकारच्या शेजारी बसून बोलत होते. आता त्याला समोर पाहावे लागले, आणि समोर होते कापूस पिकवणारे खेड्यापाड्यांतले लोक.

खेड्यांत रेडिओ कसा पोचला तेही पाहण्यासारखे आहे. ट्रान्झिस्टरच्या आधीचा रेडिओ म्हणजे कपाटाएवढा ऐवज. वीज नसलेल्या गावात तो जाडजूड बॅटरीवर चाले. घराच्या आढ्याखाली तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली असे. बटण फिरवल्यावर आतले व्हॉल्व्ह तापून आवाज यायला वेळ लागे, तोवर पोरांनी बोलायचे नाही. रेडिओ घरात ठेवायला परवाना लागे, त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरायचे. ही कटकट 1980 च्या दशकाच्या मध्यावर संपली. ग्रामपंचायतीचा सामुदायिक रेडिओ हा त्यावरचा एक उपाय होता. 1956 मध्ये पुणे केंद्राच्या क्षेत्रात पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांमध्ये युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. गावातल्या वीसेक जणांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची पाहणी केली. प्रयोग यशस्वी ठरला आणि 1959 पासून अशी ग्रामीण श्रोता मंडळे देशभर सुरू झाली. पुढे अनेक ठिकाणी ती मंडळे कागदावरच उरली, पण एक सवय लागून गेली: रेडिओला पत्र लिहायचे.

या पत्रांवरच नागपूर केंद्राचा आणि श्रोत्यांचा घरोबा उभा राहिला. सेलू, देवळी, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट ही गावे शाळेच्या नकाशात बारीक ठिपक्यांची, पण 'आपली आवड'मध्ये निवेदिका ती मोठ्याने वाचून दाखवी. पोस्टकार्डावर आख्ख्या कुटुंबाची नावे, शेजाऱ्यांची नावे, कधी अजून बोलता न येणाऱ्या बाळाचेही नाव. गाणे कोणते ते दुय्यम. आपल्या गावाचे नाव अचूक उच्चारले गेले की नाही यावर गावात चर्चा होई, आणि चुकले तर दुसरे पोस्टकार्ड जाई. निवेदकांची खरी परीक्षा इथे होती. बाजारभाव वाचताना आकडा चुकला तर कुणाची गाडी चुकीच्या दिवशी बाजाराला निघणार, हे त्यांना ठाऊक असे. पावसाच्या बातम्यांचेही तसेच.

निवेदक दिसत नसत आणि बरेचदा त्यांचे नावही कळत नसे. सकाळची सभा पहाटे सुरू व्हायची, म्हणजे त्याआधी घर सोडायचे; रात्रीची सभा संपल्यावर परतायचे. ग्रामोफोनच्या तबकड्या क्रमाने लावून ठेवायच्या, फितीवरची चूक ब्लेडने कापून पुन्हा जोडायची, घड्याळाचा सेकंदकाटा पाहत वाक्य संपवायचे. खोकला आला तर खटका बंद करून खोकायचे. यातले अनेकजण कायम नोकरीतही नव्हते. त्यांना नैमित्तिक निवेदक म्हणत. महिन्यातल्या ठरलेल्या पाळ्यांचे पैसे मिळत, बाकी दिवस शिकवण्या, शाळा किंवा दुसरी नोकरी. ज्या आवाजाला श्रोते केंद्राचा आवाज मानत, तो कागदोपत्री पाहुणा असे. ही व्यवस्था मला कधीच न्याय्य वाटली नाही.

करमणुकीच्या बाबतीत मात्र दिल्लीने एकदा मोठा हट्ट केला. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांनी 1952 मध्ये चित्रपटगीतांना केंद्रांवरून जवळजवळ हद्दपार केले, आणि श्रोते सुई फिरवून रेडिओ सिलोनवर गेले. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1967 रोजी, विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती वाजल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. देशातल्या पहिल्या तिघांत नागपूर होते, याची आठवण नागपुरातही फारशी कुणी काढत नाही.

आता पुन्हा पवनारला येऊ, कारण या आवाजाची सर्वांत अवघड कसोटी तिथे लागली. विनोबा 1938 पासून पवनारचे. भूदानासाठी ते तेरा वर्षांहून अधिक काळ गावोगाव चालले आणि रोज नव्या गावात तिथल्या माणसांसमोर बोलले. रेडिओच्या नेमके उलटे असे ते माध्यम होते. 25 डिसेंबर 1974 रोजी त्यांनी वर्षभराचे मौन घेतले. मौन अर्ध्यावर असताना, 26 जून 1975 च्या सकाळी, पंतप्रधान इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून देशाला आणीबाणीची वार्ता दिली. थोड्याच दिवसांत खासदार वसंत साठे पवनारला विनोबांना भेटले, आणि 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द बाहेर आले. मौनात असलेल्या माणसाचे ते महाभारतातले दोन शब्द. सरकारी प्रचारयंत्रणेने ते भिंतीवर, फलकावर, छापील मजकुरात आणि रेडिओवर देशभर फिरवले. आणीबाणीला विनोबांचा आशीर्वाद आहे, असा त्यांचा अर्थ लावला गेला.

मौन सुटल्यावर विनोबांनी आपला अर्थ सांगितला: अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. जानेवारी 1976 मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले. पण मूळ दोन शब्दांना जेवढा आवाज मिळाला होता त्याच्या कितीतरी पटींनी कमी या खुलाशाला मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये, गोवधबंदीसाठी विनोबांनी उपोषण जाहीर केल्यावर, आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. सेन्सॉरशिपमुळे ही बातमी वर्तमानपत्रांना छापता येत नव्हती; मग सरकारी रेडिओकडून ती कोण अपेक्षिणार? पवनारच्या माणसाला आपल्याच गावात काय घडले ते शेजाऱ्याकडून कळत होते आणि त्याच वेळी देशात सारे आलबेल असल्याचे रेडिओवरून ऐकू येत होते. नैमित्तिक निवेदकाने पोस्टकार्ड वाचून, भाव सांगून वर्षानुवर्षे जमवलेला विश्वास दिल्लीने असा खर्चून टाकला. लोकांनी रेडिओ बंद केला नाही, पण पाऊस आणि भाव यांवर विश्वास ठेवायचा आणि राजकारण ऐकून सोडून द्यायचे, अशी वाटणी करून टाकली.

1977 मध्ये सरकार बदलल्यावर बी. जी. वर्गीस यांच्या समितीने स्वायत्त न्यासाची शिफारस केली. कायदा झाला 1990 मध्ये आणि अमलात आला 1997 मध्ये. दरम्यान साठे 1980 मध्ये वर्ध्याचे खासदार झाले आणि माहिती व नभोवाणीमंत्रीही. 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबा पवनारला गेले तेव्हा खेड्यांत दूरचित्रवाणी जवळपास नव्हतीच. ती वार्ता बहुतेक घरांत आली ती रेडिओच्या बातमीपत्रातून.

नागपूरहून पवनारला जाताना वाटेत बुटीबोरी लागते. तिथे एक हजार किलोवॅटचे प्रक्षेपण केंद्र उभारले गेले आणि 18 मे 1988 रोजी त्यावरून राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून जातात, सूर्य मावळला की वरच्या आयनांबरावरून परत फिरतात आणि शेकडो कोस दूर उतरतात. म्हणून ही वाहिनी रात्रीची होती. ट्रक चालवणारे, रात्रपाळीचे कामगार, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले हे तिचे श्रोते. देशाच्या मध्यावरून ती पहाटेपर्यंत जागी असे. डिसेंबर 2018 मध्ये प्रसार भारतीने ती बंद करण्याचा आदेश काढला. तोवर खासगी एफएम केंद्रे नागपुरात रुजली होती. त्यांचा आवाज स्वच्छ, बोलणे चटपटीत. पण एफएमची मजल थोडी, त्यामुळे तो शहराच्या आसपासच घोटाळतो.

जुन्या नागपूर केंद्राचे आवाज आज ऐकावेत म्हटले तर फारसे हाती लागत नाहीत. चुंबकीय फीत महाग होती, म्हणून कार्यक्रम झाला की ती पुसून दुसऱ्यासाठी वापरायची, ही सर्वच केंद्रांची रीत होती. बहुतेक निवेदन तर थेटच होई, ते कशावर नोंदलेच गेले नाही. जे उरले असेल ते श्रोत्यांकडेच. 1980 च्या सुमारास घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि अनेकांनी रेडिओवरची गाणी कॅसेटवर उतरवली. गाणे सुरू होण्याआधी चुकून नोंदले गेलेले निवेदिकेचे अर्धे वाक्य, मागे वाजणारी वेळेची शिट्टी, कुठल्यातरी गावाचे नाव, असे काही एखाद्या वाचकाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असू शकते. फीत चिकटलेली असेल तर कॅसेट घाईने लावू नये, आधी पेन्सिलीने हळूहळू फिरवून सैल करावी.