झाडांवर गळतीचा आळ

परभणीत रिकाम्या गच्च्यांची कमी नाही. बँका, दवाखाने, कार्यालयं, सगळ्यांच्या डोक्यावर वर्षभर तापणारं काँक्रीट. तिथं थोडी झाडं लावा, कर्मचाऱ्यांना बसायला सावली करा, असं सुचवलं की उत्तर ठरलेलं असतं: झाडं लावली की स्लॅब गळतो. शिकले-सवरलेले लोकही हे छातीठोकपणे सांगतात, तेव्हा राग येतो.

स्लॅब गळतो तो ढाळ चुकल्यामुळे, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी कचरा अडकून पाणी तुंबल्यामुळे आणि उन्हामुळे. मे महिन्यात इथला पारा ४४-४५ अंशांवर जातो. उघडा स्लॅब हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि रात्री निवतो. या रोजच्या प्रसरण-आकुंचनानं कोब्याला बारीक भेगा पडतात आणि जूनचा पाऊस त्यांतून खाली उतरतो. म्हणजे जपायची म्हणून उघडी ठेवलेली गच्चीच आधी तडकते. यावर विश्वास बसत नसेल तर कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं ओटावात केलेली मोजणी पाहा. तिथं एकाच छताचे दोन भाग केले होते, एकावर बाग, दुसरा उघडा. उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्या भागातला जलरोधक थर ७० अंशांजवळ गेला, बागेखालचा २५ अंशांच्या आसपास राहिला. थंड देशातली ही गत, मग मराठवाड्यात काय होत असेल?

मुंबईच्या मलबार हिलवरचं हँगिंग गार्डन आपण सहलीत पाहतो. ती बाग म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं छप्पर आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं. शहराच्या पिण्याच्या पाण्यावर बाग चालते आणि आपल्या जिन्यावरच्या खोलीवर चालत नाही?

‘पण पिंपळानं भिंत फोडलेली आम्ही पाहिली आहे.’ खरं आहे. तो पिंपळ मात्र कुणी लावलेला नसतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी कठड्याच्या भेगेत पडतं आणि वर कुणी फिरकत नाही म्हणून त्याचं झाड होतं. रोज माणसं बसतात त्या गच्चीवर असं रोप वीतभर असतानाच उपटलं जातं. वड-पिंपळ-उंबर मुद्दाम लावू नयेत, एवढंच.

काम क्रमानं झालं पाहिजे. आधी जलरोधक थर, मग पाणी कोंडून निदान ४८ तासांची चाचणी, त्यावर मुळं अडवणारा थर, निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड आणि सगळ्यात शेवटी माती. आपल्याकडे सुरुवातच मातीच्या ट्रॉलीपासून होते आणि गळती लागली की दोष मोगऱ्याला!

वजनाची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची जड छपरं माणसांवर कोसळली, हे मराठवाडा विसरू शकत नाही. म्हणूनच हिशेब करायचा. भारतीय मानक ८७५ नुसार वावर असलेल्या साध्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात. आपली काळी माती भिजल्यावर वीतभर थरातच अडीचशे-तीनशे किलोंवर जाते. शिवाय ती पाणी धरते, फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. शेतात ती सोनं असेल, स्लॅबवर नको. तिथं कोकोपीट, शेणखत आणि हलका दगडी चुरा यांचं मिश्रण वापरावं. सभा-समारंभाची जागा करायची असेल तर मानक चौरस मीटरला सुमारे ५०० किलो धरायला सांगतं. तेव्हा जुन्या इमारतीवर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय एक कुंडीही चढवू नये. जड वाफे ठेवायचेच तर ते खांब आणि तुळयांच्या वर, स्लॅबच्या मध्यावर नाहीत.

उरलेले समज थोडक्यात. ‘उंच ऑफिसवर झाडं टिकत नाहीत’: जपानमधल्या फुकुओकाच्या ॲक्रॉस इमारतीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या गच्च्यांवर, जवळपास ६० मीटर उंचीपर्यंत, १९९५पासून झाडी वाढते आहे. ‘हिरवळ म्हणजे लॉन’: परभणीत लॉन म्हणजे पाण्याची उधळपट्टी, कोरफड, गवती चहा, सदाफुली कमी पाण्यावर तगतात. ‘पाणी आणायचं कुठून?’: ऑफिसच्या एसीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं; कोरड्या उन्हाळ्यात ते कमी मिळतं, तरी झाडांना उपयोगी पडतं. आज ते भिंतीवरून ओघळून वाया जातं.