पुलावरची उतराई

माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी एके काळी होडीने ओलांडावी लागे. १८४५ साली तेथे रस्ता खुला झाला, तो सरकारी खजिन्यातून नव्हे, तर लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या पदरच्या पैशांतून. त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि देताना अट घातली की, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोलापोटी एक छदामही घेऊ नये. आजही त्या रस्त्याला नाका नाही.

त्याच खाडीच्या तोंडावर ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उद्घाटन झाले. तेथे मात्र टोल आहे. यात रागावण्यासारखे काही नाही. पूल बांधायला पैसे लागतात, आणि आवाबाई काही दर पुलाला भेटत नाहीत. हिंदीत नावाड्याच्या मजुरीला 'उतराई' म्हणतात, तर आपल्याकडे 'उतराई होणे' म्हणजे उपकार फेडणे. पैलतीरी पोचवणाऱ्याचे देणे द्यावे, हे दोन्ही भाषांना मान्यच आहे. प्रश्न एवढाच की, देताना देणाऱ्याला ते कळते का?

रोखीचे दिवस आठवून पाहा. काच खाली करायची, नोट पुढे करायची, सुटे नसले की हातावर गोळ्या पडायच्या, आणि मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून डोके उठवायचा. मागच्या आसनावरून हमखास विचारणा होई, "किती घेतले हो?" सांगावे लागे, आणि सांगताना ते थोडे बोचे.

फास्टॅगने हे सारे मिटवले. काचेवरच्या त्या चिठ्ठीत बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींनीच ती जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि जोडलेल्या खात्यातून रक्कम वळती होते. राष्ट्रीय महामार्गांवर ती फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्तीची झाली, तर राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर, म्हणजे सागरी सेतूवरही, १ एप्रिल २०२५ पासून. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवर तर गाडी न थांबवताच टोल कापून घेण्याची योजना आखली गेली. मोटारीला एका खेपेचे २५० रुपये त्या वेळी ठरले होते. एवढी रक्कम खिडकीतून हाताने द्यायची असती, तर गाडीत चर्चा झाल्यावाचून राहिली नसती!

सोय मोठी आहे, हे कोण नाकारील? रांग नाही, धूर नाही, हुज्जत नाही. पण एमी फिंकेलस्टाइन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तिकडच्या पुलांचे, बोगद्यांचे आणि रस्त्यांचे टोल तपासून २००९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्राने टोल भरणाऱ्यांना आपण किती भरतो याची जाण रोख देणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी होती. आणि यंत्रे आली नसती तर दर जेवढे राहिले असते, त्यापेक्षा ते २० ते ४० टक्क्यांनी चढले होते. न दुखणाऱ्या जागी चिमटा थोडा जोरात काढला जातो, असाच याचा अर्थ.

मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांचेच पाहा. लोक वर्षानुवर्षे कुरकुरले, आंदोलने झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तेथे माफी मिळाली. निवडणूक तोंडावर होती, हेही खरे. पण ती कुरकुर मूळची जन्मली सुटे पैसे मोजताना, असे मला वाटते.

आमच्या घरी खर्चाची वही सौभाग्यवतींकडे असते. भाजी, दूध, इस्त्री यांच्या नोंदी पै-पैच्या. 'पूल' ही नोंद मात्र फास्टॅग आल्यापासून गळाली होती. मोबाइलवर संदेश येतो खरा, पण गडबडीत वाचतो कोण? आता त्यांनी नियमच घातला आहे : गाडी चालवणाऱ्याने घरी आल्यावर आधी संदेश वाचून दाखवायचा, मग चहा. पहिल्याच महिन्यात एका खेपेचे पैसे दोनदा कापलेले निघाले. तक्रार केली आहे. उत्तर यायचे आहे.